सातबाऱ्यावर अचानक भेटणारा डॉन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेड तालुक्यातील मुंबके या दाऊद इब्राहिमच्या मूळ गावी त्याच्या कुटुंबाच्या जप्त जमिनींचा लिलाव निघाला की कोकणात दोन प्रश्न फिरू लागतात. दाऊद इब्राहिमला गावात कुणी पाहिले होते का, कुणाची त्याच्याशी कधी गाठ पडली होती का, हा पहिला. हवेली कितीला गेली, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे चवीने वाचली जातात. आम्ही जमीनमोजणी आणि महसुली दाव्यांच्या कामात आहोत, आणि आमचे म्हणणे वेगळे आहे. किनाऱ्यावरच्या साध्या माणसाची अशा बदनाम नावाशी गाठ पडायची असेल तर ती रस्त्यात पडत नाही, तलाठी कार्यालयात पडते. बागेचा सौदा ठरतो, इसार दिला जातो, मग कुणीतरी जुना फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, काढतो आणि त्यात ते नाव, किंवा त्याच्या आईचे, बहिणीचे, मेव्हण्याचे नाव निघते. तेव्हा काय करायचे, आणि ती वेळ इसार देण्याआधीच कशी यावी, याबद्दल वर्तमानपत्रांत फारसे येत नाही. म्हणून हे पत्र.

आधी लिलावाचे आकडे पाहू, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. ५ जानेवारी २०२४ रोजी मुंबईत मुंबक्यातील चार जमिनींचा लिलाव झाला. दोन जमिनींना बोलीच आली नाही. १७०.९८ चौरस मीटरच्या एका तुकड्याची राखीव किंमत १५,४४० रुपये होती, तो २ कोटी १ लाखाला गेला. १,७३० चौरस मीटरच्या दुसऱ्याची राखीव किंमत १,५६,२७० रुपये, तो ३ लाख २८ हजारांना गेला. भागाकार केला तर दोन्हींची राखीव किंमत चौरस मीटरला ९० रुपयांच्या आसपास येते, म्हणजे गुंठ्याला साधारण ९,१०० रुपये. सरकारच्या लेखी दोन्ही जमिनी एकाच प्रतीच्या होत्या. विकताना मात्र एक चौरस मीटरला १९० रुपयांना गेली आणि दुसरी १ लाख १७ हजारांना. हा फरक मातीचा नाही. त्याआधी नोव्हेंबर २०२० च्या लिलावात त्याच गावातले वडिलोपार्जित घर ११ लाख २० हजारांना गेले होते. बातम्यांत कोटीचा आकडा तेवढा छापला गेला, ९० रुपयांचा राहिला. परिणाम असा की आजूबाजूच्या गावांत पावणेदोन गुंठ्यांचा मालकही आता भाव सांगताना त्या बोलीकडे बोट दाखवतो, आणि भावकीत आधीच अडकलेली वाटपे आणखी अडकतात.

आता कायदा. हे लिलाव होतात ते १९७६ च्या तस्कर आणि परकीय चलन गैरव्यवहार करणाऱ्यांची मालमत्ता सरकारजमा करण्याच्या कायद्याखाली. सगळे त्याला सफेमा म्हणतात. तस्करीत शिक्षा झालेला किंवा कॉफेपोसा या तस्करीविरोधी कायद्याखाली स्थानबद्ध केलेला माणूस त्यात येतोच, शिवाय त्याचे नातेवाईक आणि साथीदारही येतात. सक्षम प्राधिकारी कलम ६ खाली नोटीस काढतो. मालमत्ता कायदेशीर कमाईतून आली हे दाखवण्याचा भार कलम ८ प्रमाणे धारकावर असतो. ते दाखवता आले नाही तर कलम ७ खाली ती केंद्र सरकारकडे जमा होते, तीही सर्व बोज्यांतून मुक्त होऊन. त्यावर अपील ४५ दिवसांत करायचे, सबळ कारण असेल तर ६० दिवसांपर्यंत, त्यापुढे नाही. मालमत्ता नातेवाइकांच्या नावावर असल्याने सुटका होत नाही. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हा कायदा वैध ठरवला. एप्रिल २०१८ मध्ये नागपाड्यातील मालमत्तांबाबत दाऊदची आई व बहीण यांच्या बाजूने केलेला दावाही त्याच न्यायालयाने फेटाळला.

सामान्य खरेदीदाराला सर्वांत जास्त लागू होणारी गोष्ट कायद्याच्या कलम २ मध्येच आहे, आणि तीच बहुतेकांना माहीत नसते. अशा माणसाने पूर्वी कधीही धारण केलेली मालमत्ता आज ज्याच्या हातात आहे, तो धारकही या कायद्याच्या कक्षेत येतो. अपवाद एवढाच की त्याने, किंवा मधल्या एखाद्या खरेदीदाराने, ती सद्भावनेने आणि पुरेसा मोबदला देऊन घेतलेली असली पाहिजे. आपल्याकडची जमीनखरेदीची रीत या अटीच्या नेमकी उलट आहे. खरेदीखतात सरकारी मूल्यदराएवढी रक्कम दाखवायची, उरलेली रोख पिशवीतून द्यायची. मुद्रांक वाचतो म्हणून दोन्ही बाजू खूश. पुढे दहा वर्षांनी नोटीस आली की 'पुरेसा मोबदला' सिद्ध करायचा कागद एकच, ते खरेदीखत, आणि त्यात किंमत तिसरा हिस्सा. रोख दिल्याचा पुरावा नाही, आणि तो देऊ गेलात तर आयकराच्या कचाट्यात सापडता, कारण स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास मनाई आहे. म्हणजे वाचवलेल्या मुद्रांकापायी माणूस स्वतःचा एकमेव बचाव स्वतःच्या सहीने घालवतो. पूर्ण रक्कम बँकेतून द्या आणि धनादेशाचा किंवा व्यवहाराचा क्रमांक खरेदीखतात लिहून घ्या. या सबंध पत्रातली एकच गोष्ट कुणी लक्षात ठेवणार असेल तर ती ही ठेवावी.

आणि कलम ११ विसरू नये. कलम ६ ची नोटीस निघाल्यानंतर झालेला व्यवहार कारवाईत जमेस धरला जात नाही, आणि पुढे मालमत्ता सरकारजमा झाली तर तो रद्दबातल होतो. तिथे सद्भावना उपयोगी पडत नाही. पण नोटीस निघाली हे खरेदीदाराला कळावे कसे? नोटीस ज्याला जाते तो सांगणार नाही, आणि सातबाऱ्यावर नोंद यायला कित्येकदा वर्षे जातात. त्यामुळे शोध स्वतःच घ्यावा लागतो, आणि आजचा डिजिटल सही असलेला उतारा त्याला पुरत नाही. तो फक्त आजची स्थिती सांगतो. संगणकीकरणात जुन्या उताऱ्यावरचे 'इतर हक्क' रकान्यातले शेरे गळाल्याची उदाहरणे भरपूर आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित सातबारे काढावेत, निदान तीस वर्षांचे. आम्ही तर १९५० च्या दशकापर्यंत मागे जा असे सांगतो, कारण कूळकायद्याच्या नोंदी तिथेच आहेत. प्रत्येक उताऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो प्रत्येक फेरफार गाव नमुना ६ मधून काढून शब्दन् शब्द वाचायचा. कंस केलेली नावे सोडून द्यायची नाहीत. कंस म्हणजे ते नाव आता नाही, पण पूर्वी होते, आणि कलम २ ला 'पूर्वी होते' एवढेच पुरते.

वाचताना अडचण नावांचीच येते. जप्त झालेल्या जमिनींवर प्रत्यक्ष डॉनचे नाव सहसा नसते. मुंबक्यातल्या जमिनीही जाहीर माहितीप्रमाणे त्याच्या आईच्या नावावर होत्या. म्हणून एका नावाचा शोध घेऊन भागत नाही, प्रत्येक वारसनोंदीतली सगळी नावे एका कागदावर मांडून वंशावळ तयार करावी लागते. जुन्या तलाठ्यांनी तेच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, कधी आडनावासह, कधी वडिलांच्या नावावर थांबून, कधी नुसते 'अमक्याची बायको' म्हणून. बहिणींची नावे कित्येक उताऱ्यांवर लागलेलीच नसतात, पण हिस्सा असतो. मुसलमान कुटुंबात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा मिळतो, हिंदू कुटुंबात आता बरोबरीचा. नाव नाही म्हणून तो हक्क संपत नाही.

इथे एक गोष्ट आम्हाला कळकळीने सांगायची आहे. आडनाव जुळले म्हणजे नाते जुळले असे नाही. दाऊदचे आडनाव कासकर, ते कोकणातले जुने आडनाव आहे, कासकर म्हणवणारी पुष्कळ घरे आहेत, आणि दाऊदचे वडील स्वतः मुंबई पोलीस दलात होते. मोहल्ल्यातला शेजारी दुबईत किंवा कुवेतला नोकरीला आहे, त्याचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येते, यात संशयाचे काही नाही. निम्म्या खाडीपट्ट्याची घरे त्या पगारावर उभी आहेत. तो कागद राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित झाला आहे का आणि देणारा हयात आहे का, एवढे तपासा. देणारा मरण पावला असेल तर मुखत्यारपत्र तिथेच संपले, मध्यस्थ काहीही सांगो. आणि नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

फेरफारानंतर दुय्यम निबंधकाकडे सूची २ चा, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीचा, शोध. मुंबईबाहेरचे दस्त संकेतस्थळावर साधारण २००२ पासूनचे दिसतात. त्याआधीची पुस्तके कचेरीत बसून पाहावी लागतात, आणि नेमकी ऐंशी-नव्वदच्या दशकांतली खरेदीखते आपल्याला हवी असतात. संकेतस्थळावर काही निघाले नाही म्हणून 'टायटल क्लिअर' असा दाखला देणारे वकील आहेत. त्या दाखल्यात शोध कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत घेतला हे लिहिलेले आहे का ते पाहा. त्यानंतर जाहीर नोटीस द्यायची, किमान चौदा दिवसांची, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा लिहून. मुंबई आवृत्तीत छापलेली नोटीस गावातल्या हिस्सेदाराच्या नजरेस पडत नाही, आणि रत्नागिरी आवृत्तीतली विरारच्या चाकरमान्याच्या. खर्च वाढला तरी दोन्हीकडे द्यावी. सफेमाचे प्राधिकारी कार्यालय मुंबईत आहे. संशयाचे नाव सापडले तर सर्व्हे नंबर देऊन तिथे स्पीड पोस्टाने लेखी विचारणा करावी आणि पोच जपून ठेवावी. उत्तर आले नाही तरी आपण विचारले होते, याचा तो पुरावा राहतो. ईडीची तात्पुरती टाच वेगळी, ती १८० दिवसांची असते आणि पुढे कायम होऊ शकते. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली विशेष न्यायालयही मालमत्ता जप्त करू शकते. त्यामुळे एका कचेरीत 'काही नाही' ऐकून थांबू नये.

लिलावात जमीन घेणाऱ्यांसाठीही थोडे. लिलाव 'जसे आहे, जिथे आहे' या तत्त्वावर होतो. हातोडा पडला म्हणजे ताबा मिळाला असे समजून बोली लावणारे बाहेरचे लोक इथल्या सातबाऱ्याची घडण जाणत नाहीत. कोकणात जमीन सामाईक, तिच्यावरचे घर एका भावाचे, अंगणातले कलमी झाड दुसऱ्याचे, वाट तिसऱ्याच्या गडग्यातून, अशी स्थिती नेहमीची आहे. सरकारजमा होतो तो त्या एका व्यक्तीचा हिस्सा. बाकीच्या भावकीचा नाही. हिस्सा अविभक्त असेल तर बोली लावणाऱ्याला आणेवारी, म्हणजे हिश्श्याचे कागदावरचे प्रमाण, मिळते, जागा मिळत नाही. ती जागा ठरवायला सर्व हिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप, नाहीतर दिवाणी दावा. राहत्या घरातला अविभक्त हिस्सा असेल तर गोष्ट आणखी कठीण. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे कुटुंबाबाहेरच्या खरेदीदाराला त्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही, आणि त्याने वाटपाचा दावा लावला तर १८९३ च्या वाटप कायद्याखाली घरच्यांना त्याचा हिस्सा किंमत देऊन विकत घेता येतो.

शेतजमीन असेल तर खरेदीदार शेतकरी हवा. कूळकायद्याच्या कलम ६३ मध्ये न्यायालयाच्या हुकमाने आणि महसुली थकबाकीपोटी झालेल्या विक्रीचाही उल्लेख आहे, तेव्हा सरकारी लिलावाच्या नावाखाली ही अट सुटेल अशा भरवशावर राहू नये. बोलीआधी शेतकरी असल्याचा दाखला किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हातात असावी, नाहीतर कलम ८४क खाली व्यवहारच अवैध ठरण्याचा धोका. पावणेदोन गुंठ्यांचा तुकडा हा स्वतंत्र हिस्सा नंबर आहे की मोठ्या नंबरातून तोडलेला, हेही पाहावे. तोडलेला असेल तर तुकडेबंदी आडवी येते, आणि फेरफार मंडळ अधिकाऱ्यांकडे नामंजूर होतो. नामंजूर झाल्यास प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील. इतर हक्कांत खाजगी वनाचा किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ चा शेरा असेल तर तिथे घर बांधण्याचा विचार सोडावा. खैर, साग असेल तर तोडीला परवानगी लागते, आणि ती झाडे कुणाच्या नावावर आहेत ते आधी पाहावे लागते.

मोजणीचे तर विचारूच नका. हद्दकायम मोजणी झालेली नसताना लिलाव होतो, आणि खरेदीदार नंतर भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करतो. मोजणीच्या दिवशी लगतचे कब्जेदार नोटीस मिळाली नाही म्हणून हरकत घेतात, पावसात रान वाढलेले असते, जुने दगड गडग्याखाली गेलेले असतात, आणि मोजणीदार 'हद्दी दाखवता आल्या नाहीत' असा शेरा मारून परततो. अर्ज पावसाळ्यानंतर करावा, भातकापणी झाल्यावर. लगतच्या सर्व कब्जेदारांचे आजचे पत्ते अर्जात द्यावेत, उताऱ्यावरच्या मयतांचे नव्हे. बांधकाम करायचे असेल तर मोजणी नकाशाची 'क' प्रत हाती आल्याशिवाय एक चिराही उतरवू नये. मुंबईतल्या नागपाड्याचा १४४ चौरस फुटांचा एक गाळा २००१ मध्ये लिलावात २ लाखांना घेतला गेला, त्याची नोंदणी डिसेंबर २०२४ मध्ये झाली. शहरातल्या चार भिंतींच्या गाळ्याला तेवीस वर्षे लागली. वरकस, म्हणजे हलक्या प्रतीच्या, जमिनीच्या अविभक्त हिश्श्याला किती लागतील याचा विचार बोली लावण्याआधी करावा.

बदनाम नावाशी गाठ पडण्याचा आणखी एक प्रकार किनाऱ्यावर वाढतो आहे. पडीक बागेचे मालक मुंबईत असतात. कुणी मध्यस्थ येतो आणि जागा 'भाईच्या माणसांना' हवी आहे असे सुचवतो. बहुतेक वेळा मागे कुणी भाई नसतो, नावाचा धाक तेवढा असतो. पण नाव खरे की खोटे हे ठरवणे आपले काम नाही. भीती घालून सही किंवा पैसे मागणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ प्रमाणे खंडणी आहे, नाव कुणाचेही घेतलेले असो. तिथल्या तिथे भाव करू नये, 'थोडे देऊन मोकळे होऊ' म्हणू नये. फोनची नोंद आणि संदेश पुसू नयेत, गाडीचा क्रमांक, वेळ आणि सोबत कोण होते ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. धोका समोर असेल तर ११२. तक्रार जिथे राहता तिथल्या ठाण्यातही देता येते, गुन्हा कुठल्या हद्दीतला म्हणून ती नाकारता येत नाही. आणि त्याच आठवड्यात तलाठी व दुय्यम निबंधक दोघांकडे सर्व्हे नंबर लिहून लेखी हरकत द्यावी. दुय्यम निबंधक त्या पत्रावरून दस्त अडवेलच असे नाही, पण मंडळ अधिकाऱ्यापुढे फेरफार आला की ते कामी येते.

कोकणाला या सगळ्याची किंमत ठाऊक आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले, आणि १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. त्या खटल्यात कस्टम्स आणि पोलिसांतल्या माणसांनाही शिक्षा झाल्या. नोंद न करणे, पाहून न पाहिल्यासारखे करणे, यातूनच तो माल उतरला होता. सातबाऱ्यावर वेळेत न चढलेला शेरा ही लहान बाब आहे असे म्हणणाऱ्यांना आम्ही हे सांगतो.

म्हणून प्रशासनाकडे मागणी अशी. कलम ६ ची नोटीस निघाल्याच्या आठवड्यात तिचा शेरा संबंधित सर्व्हे नंबरच्या इतर हक्कांत चढावा, आणि तो सार्वजनिक उताऱ्यावर दिसावा. नोटीस रद्द झाली तर तितक्याच तत्परतेने उतरावा, कारण निर्दोष सुटलेल्या कुटुंबाची जमीन त्या एका ओळीपायी अडकून पडू नये. लिलावाआधी केंद्राने स्वखर्चाने मोजणी करून घ्यावी, 'क' प्रत जाहिरातीसोबत द्यावी, आणि हिस्सा अविभक्त असेल तर आणेवारी ठळकपणे छापावी. जाहिरात मराठीत चावडीवर आणि ग्रामपंचायतीत लावावी, म्हणजे सामाईक हिस्सेदाराला मुदतीत हरकत घेता येईल.

आणि संपादक महाशय, आपल्याकडेही एक विनंती. पुढच्या लिलावाच्या बातमीत 'डॉनची हवेली' एवढ्यावर न थांबता सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, राखीव किंमत, हिस्सा सामाईक की स्वतंत्र आणि हरकतीची मुदत एवढे सहा तपशील छापावेत. गावचे नाव द्यावे, पण त्याच आडनावाच्या शेजाऱ्यांच्या घरांचे फोटो छापू नयेत.

आपले,
जमीनमोजणी व महसुली कामातील दोन वाचक,
दापोली, जि. रत्नागिरी